देवगांडुळाच्या आत काय आहे?

जुलै-ऑगस्टमध्ये सातारा-सांगलीकडच्या सरकारी दवाखान्यांत रुग्णाबरोबर पुष्कळदा एक पिशवी येते. कधी ती किराणा दुकानातली प्लॅस्टिकची असते, कधी खताच्या पोत्याचा तुकडा, कधी झाकण घट्ट लावलेली बरणी. रुग्ण घामाघूम होऊन बाकड्यावर बसलेला असतो आणि त्याचा भाऊ किंवा चुलता पिशवी टेबलावर ठेवत सांगतो, "सायब, ह्योच चावलाय." आत काठीने ठेचलेला साप असतो. बहुतेक वेळा तो खरोखर सापच असतो. पण पाटणच्या पश्चिमेकडच्या, कोयनेच्या काठच्या डोंगरातल्या वाडीवरून आलेल्या पिशवीत एखाद्या वेळी भलतेच काही निघते. वीतभर लांब, पेन्सिलीएवढे जाड, ओलसर, जांभळट-तपकिरी, अंगभर बारीक कड्या असलेले. डोके कुठले आणि शेपूट कुठली, हे पटकन सांगता येऊ नये असे. नातेवाईक म्हणतात साप. नवखा डॉक्टर म्हणतो, अहो हे तर गांडूळ. दोघांचेही चुकलेले असते.

या प्राण्याचे मराठी नाव देवगांडूळ. नावात गांडूळ असले तरी गांडुळाशी त्याचे नाते नाही, आणि सापासारखा दिसत असला तरी तो सापांच्या कुळातलाही नाही. तो बेडकाचा भाऊबंद आहे. उभयचरांचे जगात तीन गट: शेपूट नसलेले बेडूक, शेपूट असलेले सॅलॅमँडर, आणि पायच नसलेली देवगांडुळे. जगभर त्यांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. भारतातल्या चाळिसाच्या आसपास जाती मुख्यतः सह्याद्रीत आणि ईशान्येकडे सापडतात. सातारा जिल्ह्याचा यातला वाटा लहान असला तरी मानाचा आहे. पाटण तालुक्यातल्या कोयनेजवळच्या हुंबरळी गावात सापडलेल्या देवगांडुळाचे वर्णन वरद गिरी, डेव्हिड गॉवर आणि मार्क विल्किन्सन या तिघांनी 2004 साली केले, आणि ती जात विज्ञानाला नवी ठरली. नाव ठेवले 'इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस'. इंडोटिफ्लस म्हणजे भारतातला आंधळा, आणि पुढचा शब्द सांगायला नकोच. या कुळातली आधीची जात एडवर्ड टेलर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने 1960 साली खंडाळ्याहून नोंदवली होती. हा खंडाळा लोणावळ्याजवळचा, साताऱ्यातला नव्हे.

कोयना म्हटले की धरण आठवते, 1967 चा भूकंप आठवतो, वीज आठवते. राज्याचे नाव धारण करणारा एक प्राणी तिथल्या गावच्या मातीत राहतो, हे जिल्ह्यातल्याच किती जणांना ठाऊक असेल? आणि ठाऊक नसण्याची किंमत फक्त त्या प्राण्यालाच मोजावी लागते असे नाही.

आधी प्राण्याकडे पाहू. बाहेरून पाहिले तर खरोखर फसायला होते. पाय नाहीत. कानाचे भोक नाही. शेपूट जवळजवळ नाहीच. गुदद्वार शरीराच्या अगदी टोकाला. डोळे कातडीखाली झाकलेले, काही जातींत तर कवटीच्या हाडाखाली गेलेले. अंगावर गांडुळासारख्या कड्या. एवढ्यावर निर्णय करायचा तर गांडूळ म्हणणाऱ्याला दोष देता येणार नाही.

आत मात्र सगळे चित्र बदलते. तोंड उघडले की जबडा दिसतो, त्यात मागे वळलेल्या सुईसारख्या दातांच्या रांगा. गांडुळाला ना जबडा, ना दात, ना एकही हाड. इथे मात्र पक्की कवटी आहे, आणि तीही बेडकाच्या कवटीसारखी जाळीदार, पोकळ नाही. हाडे एकमेकांना जुळून घट्ट झालेली. डोके हीच या प्राण्याची पहार आहे आणि पावसाने मऊ झालेल्या मातीत तो डोक्यानेच वाट काढतो. कवटीच्या मागे मणक्यांची लांबच लांब माळ, शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त. माणसाच्या पाठीत मानेपासून कंबरेपर्यंत 24 मोकळे मणके असतात, हे लक्षात घेतले की या लांबीचा अंदाज येतो. पण खांद्याचे हाड शोधायला जावे तर नाही, आणि कटीचे हाडही नाही. पाय गेले तेव्हा पाय टेकवण्याची जागाही गेली.

शरीर असे लांबट झाले की आतल्या अवयवांना जागा करून घ्यावी लागते. ती या प्राण्याने कशी केली, हे पाहणे वैद्यकाच्या माणसाला तर फारच मनोरंजक वाटावे. बहुतेक जातींत उजवे फुप्फुस लांब नळीसारखे पसरले आहे आणि डावे आखडून नाममात्र उरले आहे. यकृत लांब पट्टीसारखे आणि कडेने खाचा पडलेले. मूत्रपिंडे दोन घेवड्याच्या दाण्यांसारखी नाहीत. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी दोरीसारखी पसरली आहेत. हृदय बेडकासारखेच तीन कप्प्यांचे. म्हणजे सामान सगळे ओळखीचे. फक्त अरुंद बोळात घर बांधताना खोल्या एकामागे एक घ्याव्यात, तशी मांडणी.

आता चालण्याची तऱ्हा. गांडुळाला हाड नाही, त्यामुळे ते अंगातल्या द्रवाचा दाब वापरून पुढे सरकते. देवगांडुळाला कणा आहे, तरीही तो दाबाचाच वापर करतो. त्याचा कणा कातडी आणि स्नायूंच्या पिशवीत थोडा मोकळा असतो. बाहेरचे अंग बिळाच्या भिंतीला घट्ट लावून धरायचे आणि आतला कणा पुढे लोटायचा, मग बाहेरचे अंग मागून ओढून घ्यायचे. मेक्सिकोतल्या एका जातीवर झालेला या चालीचा अभ्यास 1997 साली 'नेचर'मध्ये आला. त्यात असे दिसले की जमिनीत शिरणाऱ्या तेवढ्याच आकाराच्या सापांपेक्षा हा प्राणी दुप्पट जोर लावू शकतो. गांडुळाची युक्ती आणि कण्याचा आधार, दोन्ही एकाच अंगात.

जबडा मिटवण्याचीही अशीच गंमत आहे. कानशिलावर बोटे ठेवून दात आवळले की बोटांखाली स्नायू फुगलेला लागतो. बहुतेक कणाधारी प्राण्यांत जबडा याच जातीच्या स्नायूंनी मिटतो. देवगांडुळाची कवटी वरून बंद असल्याने तिथे मोठ्या स्नायूला जागा नाही. म्हणून खालच्या जबड्याचे हाड सांध्याच्या मागे लांब दांड्यासारखे वाढले आहे आणि मानेकडचा एक स्नायू तो दांडा मागे आणि खाली ओढतो. दांडा मागून खाली गेला की जबडा पुढून वर येतो. तरफेचे हे गणित कुणाला समजावून सांगावे लागणार नाही.

या सगळ्यात चकित करणारा अवयव मात्र मुंगीएवढा आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या जागेत एक बारीक मिशी असते, जी आत-बाहेर करता येते. मातीतला वास आणि चव तिच्यावाटे तोंडाच्या वरच्या गंधेंद्रियापर्यंत जाते. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही प्राणिगटाला असा अवयव नाही. ही मिशी आली कुठून? बेडूक गिळताना डोळे आत ओढतो, ते ज्या स्नायूने ओढतो तोच स्नायू देवगांडुळात मिशी आत ओढतो. बेडकाच्या डोळ्याला ओलावा देणारी ग्रंथी इथे मिशी ओली ठेवते. जमिनीखाली डोळ्याचे काम संपले, पण त्याची नोकरमंडळी घरी बसली नाहीत; त्यांना दुसरे काम मिळाले. एखाद्या खात्याचे काम बंद झाल्यावर त्यातल्या माणसांना दुसरीकडे घेणे सरकारला क्वचितच एवढे नीट जमते.

आकार एक आणि आतला प्राणी दुसरा, असा हा एकच नमुना असता तर गंमत म्हणून सोडून देता आले असते. पण कोयनेच्या डोंगरापासून हजारो किलोमीटर दूर, समुद्राच्या तळाच्या गाळात याहूनही मोठी फसगत झाली होती. स्वेन लोव्हेन या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला समुद्राच्या चिखलातून मिळालेल्या 'कीटोडर्मा' नावाच्या प्राण्याचे वर्णन केले. बारीक, लांबट, चमकदार, पाहणाऱ्याला कृमीच वाटावा असा. त्याला पुढची कित्येक वर्षे कृमींमध्येच बसवले गेले. मग शास्त्रज्ञांनी अशा प्राण्यांचे कागदाहून पातळ काप करून ते एकापाठोपाठ एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि तोंडात कानशीसारखी दातांची पट्टी सापडली. ही पट्टी, म्हणजे रॅड्यूला, शंख-शिंपल्यांच्या कुळाबाहेर कुणाकडेही नसते. शेतातली गोगलगाय पान खरवडते ती याच पट्टीने. म्हणजे तो कृमी नव्हता. शंख नसलेला मृदुकाय प्राणी होता.

अशा प्राण्यांच्या चारशेहून अधिक जाती आज ठाऊक आहेत. पुष्कळशा काही मिलिमीटरच्या, काही बोटाएवढ्या, आणि खोल समुद्रात राहणाऱ्या. अंगावर शंखाऐवजी चुन्याच्या सुयांचे किंवा खवल्यांचे आवरण, म्हणून उजेडात ते चंदेरी दिसतात. एका गटात पोटाखाली एक बारीक चर असते आणि तिच्यात एक घडी असते. गोगलगाईचा रुंद, चिकट पाय इथे तेवढाच उरला आहे. तो गट प्रवाळाच्या जातीच्या प्राण्यांवर जगतो. दुसऱ्या गटात पायाचा मागमूसही नाही. तो गाळात डोके खुपसून राहतो आणि मागच्या टोकाच्या कल्ल्यांनी श्वास घेतो. चार मज्जारज्जू अंगभर लांब जातात आणि त्यांना आडव्या धाग्यांनी जोडलेले असते, शिडीच्या पायऱ्यांसारखे. यातल्या कित्येक जातींची ओळख आजही बाहेरून पटत नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या प्राण्याचे शेकडो काप करायचे, क्रमाने काचेवर लावायचे आणि आतड्याची, दातांची, जननेंद्रियांची रचना मनात पुन्हा जुळवायची. एका जातीच्या वर्णनासाठी महिनेच्या महिने जातात, आणि ते वाचणारे जगात किती असतील ते बोटांवर मोजावे.

या दोन्ही प्राण्यांचे पूर्वज असे नव्हते, हे आता जीवाश्मांनी दाखवले आहे. इंग्लंडमधल्या सुमारे 42.5 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात कृमीसारख्या अंगावर सात शिंपा मिरवणारा एक प्राणी सापडला. 2012 साली त्याचे वर्णन झाले. आणि अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात डायनासोरांच्या काळचा एक देवगांडूळ सापडला, त्याला चिमुकले चार पाय होते. 1993 साली त्याला नाव मिळाले त्यातही 'चिमुकल्या पायांचा' असेच म्हटले आहे. एकाने शंख टाकला, दुसऱ्याने पाय टाकले, आणि दोघेही गांडुळासारखे दिसू लागले. चिखलात आणि मातीत शिरून राहायचे तर लांबट, गुळगुळीत, बिनअडथळ्याचे अंग सोयीचे. मग खानदान कोणतेही असो.

आपल्या शेतात तर हा सगळा बाजारच भरलेला असतो. गांडूळ आहे. देवगांडूळ आहे. कुंडीत आणि न्हाणीघराच्या मोरीत निघणारा वाळा आहे, जो खरा साप आहे पण सुतळीएवढा आणि पूर्ण बिनविषारी. महाबळेश्वरकडच्या घाटमाथ्यावर खापरखवल्या आहे. शेपटी तिरकी कापल्यासारखी दिसणारा, जमिनीत राहणारा बिनविषारी साप. आणि मांडूळ आहे, ज्याच्या दोन तोंडांच्या आणि गुप्तधनाच्या कथा सांगून लोक लाखो रुपयांचे व्यवहार करतात आणि तुरुंगात जातात. माण-खटाव, जत-आटपाडीच्या कोरड्या माळावर देवगांडूळ भेटणार नाही, त्याला ओल लागते. पण वाळा आणि मांडूळ तिथेही भेटतात. ही सगळी मंडळी पावसाळ्यात एकाच काठीने मारली जातात.

सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याचे उदाहरण इथे आठवते. नागपंचमीसाठी बत्तीस शिराळा देशभर प्रसिद्ध आहे. जिवंत नाग पकडण्यावर न्यायालयाने निर्बंध आणले, त्यावर भावनेचे आणि कायद्याचे वाद अजून चालू असतात. त्या वादात न पडताही एक गोष्ट मान्य करावी लागेल: ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या नाग जवळून पाहिला, त्या गावात नाग ओळखता न येणारा माणूस शोधावा लागेल. ओळख असली की भीती आपल्या जागी राहते. शिराळ्यापासून चांदोली दूर नाही, आणि चांदोली व कोयना मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाचे नाव फलकावर आहे, ते ठीकच आहे. पण त्याच डोंगराच्या मातीत राहणाऱ्या प्राण्यांची ओळख करून देणारा एक साधा तक्ता प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर का असू नये?

हा प्रश्न निसर्गप्रेमाचा कमी आणि आरोग्याचा जास्त आहे. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मांडला गेला. त्यातली बहुतेक खेड्यातली. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये जाहीर केलेल्या कृती आराखड्यात 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरले आहे. त्यासाठी लस हवी, व्हेंटिलेटर हवा, रुग्णवाहिका हवी, हे सगळे खरे. पण पहिल्या अर्ध्या तासात टेबलापाशी जे ठरते ते पिशवीत काय आहे यावर ठरू नये, हे कुणी ठासून सांगत नाही.

कारण पिशवी दोन्ही बाजूंनी फसवते. समजा आत देवगांडूळ किंवा वाळा निघाला, पण कुणालाच तो ओळखता आला नाही. रुग्ण भीतीने थरथरतो आहे, नाडी जोरात आहे, बाहेर पन्नास माणसे जमली आहेत. अशा वेळी नको असताना एएसव्ही देण्याचा मोह होतो. एएसव्ही घोड्याच्या रक्तापासून बनते, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर ती चालते, आणि काही रुग्णांत तिची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतते. जिथे विषच नाही तिथे ही जोखीम कशासाठी?

उलट बाजू याहून घातक. डॉक्टरने देवगांडूळ बरोबर ओळखले आणि हसून सांगितले, काही नाही, घरी जा. पण रात्री अंथरुणात चावलेली मण्यार केव्हाच निघून गेली होती, आणि सकाळी उंबऱ्यापाशी सापडलेल्या देवगांडुळाला लोकांनी आरोपी ठरवले होते. मण्यारीच्या दंशाची खूण अनेकदा दिसत नाही, सूज येत नाही, दुखतही नाही. पोटात कळ येते, घसा जड होतो, पापण्या मिटू लागतात, आणि मग श्वास. अशा रुग्णाला प्राण्याची ओळख पटली म्हणून घरी पाठवणे म्हणजे ज्ञानानेच केलेला घात.

म्हणून जे शवविच्छेदनाच्या टेबलावर आणि सूक्ष्मदर्शकाखाली खरे, तेच अपघात विभागातही खरे धरायला हवे: बाहेरच्या आकारावर निकाल देऊ नये, आत काय चालले आहे ते पाहावे. त्यासाठी मोठी यंत्रेही लागत नाहीत. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचे आणि 20 मिनिटे न हलवता उभी ठेवायची. मग नळी एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाचे विष आत काम करते आहे. नळी प्लॅस्टिकची नको, आणि साबणाने धुतलेली तर मुळीच नको, नाहीतर निकाल खोटा येतो. पापण्या पाहायच्या, मान उचलता येते का पाहायचे, श्वास मोजायचा. लक्षण नसले तरी 24 तास नजरेखाली ठेवायचे. पिशवीतला प्राणी या सगळ्यानंतर पाहिला तरी चालतो. आणि गावाकडच्या मंडळींना एवढेच सांगायचे की साप मारण्यात आणि शोधण्यात वेळ घालवू नका; लांबून मोबाईलवर फोटो काढता आला तर पुरे.

देवगांडुळात विष आहे का, हा प्रश्न तरीही उरतो. त्याच्या कातडीत ग्रंथी आहेत, त्यातला चिकट द्रव त्याला खायला येणाऱ्या प्राण्यांना नकोसा वाटतो. ब्राझीलच्या बुटांटान संस्थेतल्या संशोधकांनी 2020 साली तिथल्या एका जातीत दातांच्या मुळाशीही ग्रंथी असल्याचे दाखवले आणि त्यांच्या स्रावात विषासारखी काही द्रव्ये असल्याचे सांगितले. ती बातमी पसरली तेव्हा शीर्षकांनी भलताच धुरळा उडवला. गांडुळे, वाळवी, किडे पकडणाऱ्या या प्राण्याला तेवढी मदत लागत असेल. माणसाला त्याची भीती बाळगायचे कारण नाही. हात लागला तर साबणाने धुवावा, डोळे चोळू नयेत, एवढेच.

याच ब्राझीलच्या जातीत माता पिलांना दुधासारखा स्निग्ध स्राव पाजते असे 2024 साली 'सायन्स'मध्ये आले. त्याआधी 2006 साली केनियातल्या एका जातीत पिले आईच्या अंगावरची चरबीने भरलेली वरची कातडी सोलून खातात आणि आई शांत पडून राहते, हे नोंदले गेले. हुंबरळीच्या देवगांडुळाच्या आईपणाबद्दल असे कुणी लिहायचे बाकी आहे. ज्यांनी ते लिहावे अशी मुले कऱ्हाड, सातारा, सांगलीच्या कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकतातच. पण ती आता प्राणी आतून पाहतात का? विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 च्या सुमारास अभ्यासक्रमातले प्राण्यांचे विच्छेदन थांबवायला सांगितले. दरवर्षी हजारो बेडूक मरत होते, ते थांबले हे चांगलेच झाले. वाईट एवढेच झाले की त्या जागी काय आले, हे विचारले तर पुष्कळ ठिकाणी भिंतीवरचा तक्ता आणि एक व्हिडिओ एवढेच उत्तर मिळते. आता सीटी स्कॅनच्या जातीच्या यंत्रांनी प्राणी न कापता त्याची हाडे न्‌ हाडे पाहता येतात, आणि परदेशातल्या संग्रहालयांनी अशा हजारो प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. एका संगणकावर देवगांडुळाची कवटी फिरवून पाहिलेला विद्यार्थी पुढे डॉक्टर झाला, तर पिशवी पाहून तो घाबरणार नाही.

प्रतिमांच्या जोडीला खरा प्राणीही लागतो. 2004 सालचे वर्णन कुणाच्या आठवणीवर झालेले नाही. संग्रहालयात जपून ठेवलेल्या नमुन्यांवर झाले. सरकारी दवाखान्यात येणारा ठेचलेला प्राणी मात्र सकाळी कचऱ्याच्या डब्यात जातो. तो वनविभागाला कळवून जवळच्या कॉलेजकडे देता येईल. स्पिरिटची बाटली कुठल्याही दवाखान्यात असते. बरणीवर एक चिठ्ठी लावावी लागेल, पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. गावाचे नाव, तारीख, आणि तो भाताच्या खाचरात सापडला, बांधाच्या दगडाखाली की शेणखताच्या उकिरड्यात, एवढे तिच्यावर असले तरी पुरे.